कॉडच्या डोक्यातला खडा: वय कसं मोजायचं आणि स्क्राय कसा ओळखायचा?

प्रश्न: खाडीकिनारा
नॉर्वेतल्या लोफोटेनच्या अटलांटिक कॉडचे ओटोलिथ, म्हणजे डोक्यातले कानाचे खडे, त्यांच्यावरचे वर्षावर्षाचे पट्टे मोजून वाचायचे आहेत. मासे फेब्रुवारी-मार्चमधले, 70 ते 95 सेंमी लांबीचे. एकाच खड्याचं वय एक जण 7 वाचतो, दुसरा 8. शिवाय एकाच जाळ्यात बॅरेंट्स समुद्रातून अंडी घालायला येणारा स्क्राय आणि फ्योर्डमध्येच (जमिनीत घुसलेल्या अरुंद, खोल खाडीतच) राहणारा किनारी कॉड असे दोन्ही सापडतात. खड्यावरून ते वेगळे करता येतात का? सध्या खडे अख्खेच पाण्यात ठेवून पाहतो आहोत.

उत्तर: भरतीओहोटी
अख्खे पाहू नका, निम्मा घोळ तिथेच आहे. मासा मोठा झाला की खडा जाडीतही वाढतो आणि कडेची वर्षं वरून दिसेनाशी होतात. सॅजिटा, म्हणजे सगळ्यात मोठा खडा घ्या आणि केंद्रातून आडवा मोडा किंवा कापा. छेद केंद्र चुकवून बाजूने गेला तर पहिलं वर्ष हातचं जातं. अर्धा तुकडा प्लॅस्टिसिनमध्ये (खेळण्याच्या मऊ मातीत) रोवा, मोडलेल्या बाजूला तेलाचा हात फिरवा आणि साध्या द्विनेत्री सूक्ष्मदर्शकाखाली 10 पटीच्या आसपास पाहा.

प्रकाश वरून असेल तर उन्हाळी पट्टा पांढरा आणि हिवाळी पट्टा काळपट दिसतो. मोडलेल्या बाजूवर सावली धरून कडेने प्रकाश सोडला की नेमकं उलटं, हिवाळी पट्टा उजळतो. दोघे वेगवेगळ्या प्रकाशात वाचत नाही ना, हे आधी बघा.

7 की 8 हा वाद मला कडेचा वाटतो. सगळ्या माशांचा वाढदिवस 1 जानेवारी धरायचा, असा संकेत आहे. त्यामुळे फेब्रुवारीतल्या माशाच्या कडेला तयार होत असलेला हिवाळी पट्टा मोजायचा. तोच पट्टा डिसेंबरच्या माशात दिसला तर सोडायचा.

खडे रक्त आणि पापुद्रा काढून, सुकवून कागदी पाकिटात ठेवा. फॉर्मालिनमध्ये कधीच नको. खडा कॅल्शियम कार्बोनेटचा, त्यामुळे फॉर्मालिन आम्लधर्मी झालं की कड विरघळते आणि शेवटचं वर्ष तिच्याबरोबर जातं.

उत्तर: उत्तरवारा
स्क्राय आणि किनारी कॉड वेगळे करता येतात. त्यासाठी आतले पहिले दोन हिवाळी पट्टे पाहायचे. किनारी कॉडमध्ये पहिला पट्टा लहान, गोलसर असतो आणि दुसरा त्याच्यापासून लांब. स्क्रायमध्ये पहिला मोठा, लांबट आणि दुसरा त्याला जवळ. म्हणूनच छेद केंद्रातून जायला हवा. तिरका छेद गोल पट्टाही लांबट दाखवतो आणि किनारी मासा स्क्रायच्या खात्यात जमा होतो. हे निव्वळ वर्गीकरणाचं काम नाही. किनारी कॉडचा साठा स्क्रायच्या मानाने फार छोटा आहे, नोंद चुकली तर त्याच्यावरचा मासेमारीचा भार कागदावर दिसतच नाही.

खाडीकिनारा
उत्तम. काही खड्यांत बाहेरचे दोन-तीन पट्टे एकदम बारीक आणि एकसारखे आहेत. ते खोटे पट्टे समजून सोडायचे का?

उत्तर: उत्तरवारा
अजिबात सोडू नका! मासा अंडी घालू लागला की वाढ मंदावते आणि पट्टे अरुंद, सारखे पडतात. हे प्रजननपट्टे. तीन असतील तर मासा तीनदा अंडी घालायला आलेला आहे. 1933 मध्ये नॉर्वेचे मत्स्यशास्त्रज्ञ रोलेफ्सेन यांनी हे लोफोटेनच्याच कॉडवर दाखवलं. खोटा पट्टा छेदाभोवती पूर्ण फिरत नाही, मध्येच तुटतो किंवा शेजारच्यात मिसळतो. पट्टा पूर्ण फिरला तरच मोजा.

उत्तर: खारंपाणी
एक भर. ही पद्धत पूर्व बाल्टिकच्या कॉडला लावू नका. तिथे पट्ट्यांमधला फरक इतका पुसट असतो की अनुभवी वाचकांचीही वयं जुळत नाहीत. म्हणून तिथे माशांना टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक टोचून सोडलं, म्हणजे खड्यावर त्या दिवसाची खूण उमटते. पुन्हा सापडलेल्या माशात खुणेच्या बाहेर किती वाढ झाली, ते मोजलं. त्या माशाचं सगळंच वेगळं आहे. अंडी तरंगायला क्षारता साधारण दर हजारी 11 च्या वर लागते आणि इतकं खारं पाणी तिथे फक्त खोल डोहांत, तळाकडे मिळतं. तिथेच प्राणवायू संपतो.