ट्युलिपचे दांडे मोडून पडतायत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही मिशिगनला असतो, यंदा पहिल्यांदाच तळघरात पाण्यावर ट्युलिप केलेत, व्हॅलेंटाइनला जुड्या बांधून विकायच्या म्हणून. स्ट्राँग गोल्ड या ट्युलिपच्या जातीचे कंद, 15 आठवडे थंडीत, त्यातले शेवटचे 3 पाण्याच्या ट्रेमध्ये 5 सेल्सिअसला, मग लाइटखाली 17 ला आणले. मुळं छान पांढरी आहेत पण कळीला रंग आला की खालचा दांडा काचेसारखा पाणचट होतो नि तिथूनच मोडतो, फार जीव तुटतो हो बघून. कॅल्शियम कमी पडलं की असं होतं म्हणे, आणि तळघर दमटही आहे, दमट हवेत झाड कॅल्शियम कमी ओढतं. कॅल्शियम नायट्रेट हे खत पाण्यात कोणी वापरलंय का, ईसी (पाण्यात खत किती विरघळलंय ते दाखवणारा आकडा) किती ठेवता? की आधी पंखा लावू? अजून 400 कंद थंडीत आहेत, ते तरी वाचवायचेत.