लिव्हर बदलण्याआधी अंतर मोजावे
जुन्या ब्रिटिश मोटारसायकलचा क्लच जड लागतो म्हणून हँडलवरील क्लच व ब्रेकचे दोन्ही लिव्हर काढून आधुनिक गाडीचे बसवावेत, अशी सूचना केली जाते; तीत एक महत्त्वाची बाब राहून जाते. लिव्हर ज्या स्क्रूवर फिरतो त्याचे केंद्र आणि केबलचे निप्पल (टोकाचा धातूचा गोळा) बसते त्या भोकाचे केंद्र यांमधील अंतर आधी मोजावे. जुन्या ब्रिटिश गाड्यांवर ते बहुधा ७/८ किंवा १ १/१६ इंच आढळते. हे अंतर कमी असल्यास हाताला जोर कमी लागतो, परंतु केबलही कमी ओढली जाते, त्यामुळे क्लच पूर्ण सुटत नाही आणि थांबलेल्या गाडीचा न्यूट्रल सापडेनासा होतो. ड्रम ब्रेकला मात्र कमी अंतर बहुधा मानवते, कारण तेथे ओढीपेक्षा दाब अधिक हवा असतो. अर्थात लायनर झिजलेले नसावेत.

हँडलबारचा व्यासही तपासावा, कारण ७/८ इंचाचा क्लॅम्प १ इंचाच्या नळीवर बसत नाही.

माझे प्रामाणिक मत असे की, लिव्हरपूर्वी केबल बदलून पाहावी. आतून नायलॉनचे अस्तर असलेली, तीव्र वळण न देता नेलेली नवी केबल बसवल्यावर जडपणाची तक्रार पुष्कळदा तेथेच मिटते.