अनुभव धागा: बिऱ्हाड चाकांवर, खातं पुण्यात

पावणेदोन वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी कोथरूडचा फ्लॅट भाड्याने दिला, एका जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवून घेतली आणि निघालो. निघण्याआधी लोकांनी नाही नाही ते विचारलं. संडासचं काय, भांडण झालं तर कोण कुठे जाऊन बसणार, आंब्याच्या दिवसांत तरी येणार ना. बँकेचं काय, हे एकानेही विचारलं नाही. आमच्याही डोक्यात आलं नाही. सगळं फोनवर तर होतं!

पहिला दणका हिमाचलमधल्या काझ्यात बसला. डेबिट कार्डाची मुदत संपली होती. बँकेने नवं कार्ड इमानदारीत कोथरूडला धाडलं. आमचा भाडेकरू त्याहून इमानदार, "ते इथे राहत नाहीत," म्हणून त्याने कुरियरवाल्याला वाटेला लावलं. कार्ड शाखेत परत गेलं आणि तिथे पडून पडून नष्ट झालं. खिशात साडेतीन हजार रोख, आणि स्पितीत रेंज मनात येईल तेव्हा येते. कायमचा पत्ता आणि पत्रव्यवहाराचा पत्ता हे बँकेच्या लेखी दोन वेगळे पत्ते असू शकतात, हे मला वयाच्या ४६व्या वर्षी कळलं. आता पत्रव्यवहाराला सहकारनगरची आतेबहीण आहे. तिला वर्षाला एक पैठणी देणं लागतो.

दुसरा दणका गोकर्णात. फोन समुद्रात पडला. नवा फोन घेतला, त्याच नंबरचं सिम घेतलं आणि वाटलं, सुटलो. पण सिम बदललं की पहिले २४ तास त्यावर एसएमएस बंद असतात. कोणी तुमच्या नावाने सिम काढून खातं साफ करू नये म्हणून ही सोय आहे, आणि योग्यच आहे. पण एसएमएस नाही म्हणजे ओटीपी नाही आणि यूपीआयची नोंदणीही नाही. ती झाल्यावर नव्या फोनवर पहिले २४ तास पाच हजारांची मर्यादा. ट्रॅव्हलरची टाकी पाच हजारांत भरत नाही. दोन दिवस तिथेच. नशीब, गोकर्ण होतं.

आता व्यवस्था अशी: मोठी रक्कम ज्या खात्यात आहे त्याला यूपीआय जोडलेलंच नाही. त्यातून दर सोमवारी ठरावीक रक्कम आपोआप दुसऱ्या, 'खिशातल्या' खात्यात येते आणि खर्च तिथून. नवऱ्याचं खातं वेगळ्या बँकेत, सिम वेगळ्या कंपनीचं, फोन वेगळा. चहा-भाजीला यूपीआय लाइट, त्यात पाच हजारांपर्यंत ठेवता येतात आणि हजाराच्या आतल्या खर्चाला पिन लागत नाही. गादीखाली दहा हजार रोख. (गादीखाली नाहीत, पण कुठे आहेत ते इथे लिहिणार नाही.)

धागा काढण्याचं कारण हे की रस्त्यावर राहणारे म्हणजे फक्त आमच्यासारखे हौशी नव्हेत. पुणे जिल्ह्यातून वर्षानुवर्षं रस्त्यावरच संसार करणारी माणसं निघतात. त्यांनी लिहावं, नाहीतर त्यांच्या वतीने कोणी लिहावं. बँकांची नावं नकोत, नाहीतर धाग्याचं तक्रार निवारण केंद्र होईल.

निगडी, आज चित्रदुर्गजवळ

मी ट्रेलर चालवतो. महिन्यातले पंचवीस दिवस बाहेर. डिझेलला शेठचं कार्ड, टोल फास्टॅगमधून, भत्ता खात्यावर. गाडीचं काही अडत नाही, घरचं अडायचं. एटीएम कार्ड बायकोकडे आणि खात्याला जोडलेला मोबाइल नंबर माझ्याकडे. तिने पोराची फी भरायला घेतली की ओटीपी माझ्या फोनवर, आणि मी खंबाटकीच्या उतरणीला. गाडी बाजूला घेईस्तोवर ओटीपी मेलेला. परत दाबा, परत मेला. यावरून जेवढी भांडणं झाली तेवढी सासूवरून झाली नाहीत. शेवटी तिच्या नावाचं वेगळं खातं काढलं, नंबर तिचा. पगार झाला की घरखर्च तिकडे. तिच्या शिलकेचा मेसेज आता मला येत नाही. ते बरं का वाईट, सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट लाजेची आहे. फोन आला, तुमच्या टॅगचं केवायसी राहिलंय, आज ब्लॅकलिस्ट होणार. खरं वाटलं, कारण तसं होतं. टॅग बंद पडला की टोल जास्त बसतो. टॅग गाडीमालकाच्या नावावर असतो, त्याचं केवायसी मला कोण विचारणार, हे डोक्यात यायला पाहिजे होतं. नाही आलं. त्यांनी पाठवलेलं ॲप उतरवलं आणि दोन झटक्यांत १८,४०० गेले. ढाब्यावरच्या पोराने माझ्याआधी १९३० लावला, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर. अकरा हजार वाटेतच अडकवले, अडीच महिन्यांनी परत आले. तो पोरगा नसता तर मी आधी शेठला फोन लावून रडत बसलो असतो आणि तेही गेले असते.

धागाकर्ती

लाज कसली, हेच लिहायला धागा काढलाय. भर घालते. रिझर्व्ह बँकेचा २०१७चा नियम सांगतो की चूक तुमची नाही आणि बँकेचीही नाही, अशा वेळी तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर नुकसान तुमच्यावर येत नाही. ओटीपी आपणच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून घड्याळ महत्त्वाचं. तक्रार क्रमांक कागदावर लिहून घ्या, फोन तेव्हा विश्वासाचा नसतो.

नारायणगाव, दसऱ्यापासून गाव ठरलेलं नाही

तमाशाच्या फडाचा हिशेब बघतो. कलावंत, वाजवणारे, तंबूवाले, ड्रायव्हर धरून सव्वाशे माणसं. आधी लोखंडी पेटी असायची आणि पेटीवर मी झोपायचो. पाठीचं दुखणं तिथलंच.

आता तिकिटाला क्यूआर आला. गावजत्रेला जाऊन बघा काय होतं ते. एरवी हजार माणसांचा टॉवर, त्या रात्री दहा-पंधरा हजार माणसं, आणि त्यातली निम्मी व्हिडिओ काढून पाठवतायत. गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे जातात, पैसे आले की बोलणारा आमचा डबा काही बोलत नाही. तो म्हणतो दिले, आम्ही म्हणतो आले नाहीत. आत ढोलकी सुरू झालेली आणि दारात गर्दी पेटलेली. पैसे अडकले तर पाच दिवसांत आपोआप परत मिळायला हवेत असा नियम आहे, पण रात्री अकराला कनातीच्या दारात तो नियम तुम्ही सांगून बघा. आम्ही आता क्यूआरची एकच खिडकी ठेवतो आणि ती नऊला बंद करतो. पुढे फक्त रोख.

रोख म्हटलं की सकाळचं काम वाढतं. परगावच्या शाखेत भरायला मर्यादा, वर आकार, आणि मोठ्या रकमेला पॅन. मी पॅनची झेरॉक्स घड्या घालून पाकिटात ठेवतो, कारण तिथे झेरॉक्सवाला हमखास बारानंतर उघडतो.

एक चांगलं झालं तेही लिहितो. कलावंतांची उचल आधी हातात जायची, म्हणजे बहुतेकदा नवऱ्याच्या नाहीतर भावाच्या हातात. आमच्याकडच्या एका बाईंनी तीन वर्षांपूर्वी सांगितलं, माझी उचल माझ्या खात्यावर टाका, नाहीतर मी दुसऱ्या फडात जाते. टाकली. पुढच्या हंगामात आणखी सहा जणी पासबुक घेऊन आल्या.

सदाशिव पेठ, नर्मदा परिक्रमा पायी, आता घरी

परिक्रमेत पैसे फारसे लागत नाहीत, सदाव्रत चालतं, आश्रमात जेवायला मिळतं. पूर्वी शूलपाणीच्या झाडीत परिक्रमावासींना अंगावरच्या वस्त्रापर्यंत लुटायचे, त्यामुळे रोख बाळगू नये ही जुनीच शिकवण. मी पाचशेच्या चार नोटा घेऊन निघालो. तिसऱ्या महिन्यात औषधांना पैसे हवे होते. गावातल्या सेवा केंद्रात आधारवर अंगठा लावून पैसे मिळतात, म्हणून गेलो. अंगठा उमटेना. काठी धरून धरून बोटांची साल गेली होती. दहाही बोटं लावून झाली. केंद्रातली मुलगी म्हणाली, "बाबाजी, आप का तो निशान ही मिट गया." माझ्याबरोबरचे साधू यावर खूश झाले, मला मात्र गोळ्या हव्या होत्या.

एटीएम होतं, पण पलीकडच्या तीरावर. परिक्रमेत नर्मदा ओलांडायची नसते. समोर पाटी दिसतेय आणि मी अलीकडे उभा! शेवटी मेडिकलवाल्याला मुलाने पुण्यातून यूपीआयने पैसे पाठवले आणि त्याने गोळ्यांबरोबर पाचशे रुपये रोख दिले. बोटांना रोज रात्री खोबरेल लावत जा, एवढाच माझा बँकिंग सल्ला.

औंध, सध्या हंपी

आम्ही तिघं फिरतो. मी, हे आणि ८३ वर्षांच्या सासूबाई. सासरे पोस्टातून निवृत्त झाले होते, सासूबाईंना कुटुंब निवृत्तिवेतन आहे. हयातीचा दाखला दर नोव्हेंबरात लागतो, ऐंशीच्या पुढच्यांना ऑक्टोबरपासूनच देता येतो. आधी फक्त त्यासाठी पुण्याला यायचो, जाऊन-येऊन सोळाशे किलोमीटर. मग कळलं की फोनवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण करता येतं.

पहिल्यांदा गाडीत बसून केलं, तीनदा फसलं. प्रकाश मागून येत होता. बाहेर खुर्ची टाकली तर सासूबाईंनी कॅमेऱ्यासाठी डोळे मोठे केले ते मिटेचनात, आणि ॲपला पापणी लवलेली हवी असते. जिवंत आहेत हे पटवायला पंचवीस मिनिटं गेली. शेवटी त्या वैतागून म्हणाल्या, "त्याला सांग, मेले असते तर एवढ्या उन्हात बसले असते का?" आणि तेवढ्यात झालं. दाखल्याचा क्रमांक मेसेजवर येतो, तो उतरवून ठेवा.

धनकवडी, मोटरसायकलवर

थोडक्यात लिहितो. जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेडच लागतं. बँकेला जोडलेला नंबर निघण्याआधी पोस्टपेड करून घ्या. मी केला नव्हता. लेहमध्ये हॉटेलच्या वायफायवर नेट होतं आणि ओटीपी नव्हता.

पुरंदर तालुका, वडील कोकणात

वडिलांच्या वतीने लिहितो. आमची मेंढरं दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या आधी परततात. शेतात मेंढरं बसवली की खत पडतं, त्याचे शेतकरी धान्य किंवा पैसे देतात. आता पैसे फोनवर देतो म्हणतात, आणि क्यूआर माझा. मी हडपसरला कंपनीत. मग रात्री वडिलांचा फोन, "आलं का?" आलं म्हटल्यावरच दुसऱ्या दिवशी वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, हलणार. माझी रात्रपाळी असली आणि फोन लॉकरमध्ये असला की दोनशे मेंढरं तिथेच.

यात त्यांचं स्वतःचं खातं दोन वर्षं कोणी हात न लावल्याने निष्क्रिय झालं. त्यासाठी कळप सोडून सासवडला येणं शक्य नव्हतं. २०२५पासून असं खातं त्याच बँकेच्या कुठल्याही शाखेत केवायसी देऊन सुरू करता येतं, ते माणगावच्या शाखेत झालं. तिथल्या बाईंनी फॉर्म भरून दिला, पण 'सध्याचा पत्ता' या रकान्यापाशी थांबल्या. वडील म्हणाले, "आज लिहा, उद्या खोडा." त्यांनी गावचाच लिहिला.

आता पैसे त्यांच्याच खात्यावर येतात. घोड्याच्या पाठीवर लहान सोलर पाटी आहे, त्यावर साधा फोन चार्ज होतो. मेसेज इंग्रजीत येतो म्हणून ते फक्त आकडा बघतात. एकदा शिलकेचा आकडा मिळालेली रक्कम समजून त्यांनी शेतकऱ्याला परत द्यायला काढली होती.

बिबवेवाडी, अजून निघालो नाही

फ्लॅट विकूनच निघायचा विचार आहे. मग आधारवर पत्ता कुणाचा?

औंध, सध्या हंपी

आम्ही लेकीचा घातला. २०२३पासून कुटुंबप्रमुखाच्या संमतीने ऑनलाइन पत्ता बदलता येतो. लेक कुटुंबप्रमुख आणि आम्ही तिचं कुटुंब, असा फॉर्म भरला. तिने संमती द्यायला चार दिवस लावले, मुद्दाम.

धागाकर्ती

आम्ही या आठवड्यात पुण्यात आहोत. गाडीचं ग्रीसिंग आणि बँकेतली नॉमिनी-नोंदणी ही दोन कामं काढली आहेत. १ नोव्हेंबर २०२५पासून एका खात्याला चारपर्यंत नॉमिनी नोंदवता येतात, म्हणून मी यादी करायला बसले. तिसऱ्या नावावर नवरा अडला आहे. शुक्रवारी सकाळी निघतो, कात्रजमार्गे. नारायणगावकर, तुमच्या पुढच्या मुक्कामाचं गाव ठरलं की लिहा, तिकीट रोखीने काढू.