पातळ लॅपटॉप: १६ जीबी सोल्डर केलेली रॅम की ८ जीबी अधिक रिकामा स्लॉट?

शनवारवाडीकर

नमस्कार मंडळी. धाकटी बहीण कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बजेट ५० हजार, ताणून ५२. रोज पीएमपीएमएलच्या (पुण्याच्या) बसने प्रवास, त्यामुळे पातळ आणि हलका हवा. काम म्हणजे सी++, जावा, पायथन. पुढच्या वर्षी अँड्रॉइड स्टुडिओ (मोबाइल अ‍ॅप बनवायचं सॉफ्टवेअर) आणि डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवणारं). गेम नाहीत. चाळून चाळून दोन उरलेत.

अ: १४ इंच, १.४ किलो, रायझन ५ ७५२०यू, १६ जीबी एलपीडीडीआर५ रॅम (सोल्डर केलेली, म्हणजे बोर्डावर कायमची डाग देऊन बसवलेली), ५१२ जीबी एसएसडी, ४२ वॉट-अवर बॅटरी, टाइप-सी चार्जिंग.

ब: १५.६ इंच, १.६५ किलो, कोअर आय५-१२३५यू, ८ जीबी डीडीआर४ बोर्डावरच आणि एक स्लॉट रिकामा, ५१२ जीबी एसएसडी, बॅटरी तेवढीच, गोल पिनचा चार्जर, स्क्रीन २५० निट्स (उजळपणाचं माप).

'अ' चार हजारांनी स्वस्त. टिळक रोडवरचा दुकानदार म्हणतो, "रायझन ५ म्हणजे आय५च, वर १६ जीबी मिळतेय, डोळे मिटून घ्या." मिटू का?

बिनपंख्याचा

उघडेच ठेवा. 'रायझन ५' वाचून निर्णय घ्यायचा नसतो, पुढचे चार आकडे वाचायचे असतात. ७००० मालिकेत तिसरा आकडा आतली रचना कुठली ते सांगतो. ७५२०यू मध्ये तो २ आहे, म्हणजे झेन २. ती रचना २०१९ सालची. त्यात ४ कोअर (काम करणारे भाग), ८ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं). तेच ७५३०यू असेल तर झेन ३, ६ कोअर, १२ थ्रेड. नावात एका आकड्याचा फरक, कामात पुष्कळ. ७५२०यू ब्राउझर, वर्ड आणि छोट्या प्रोग्रॅमसाठी चांगलाच आहे, बॅटरीही जपून वापरतो. पण अँड्रॉइड स्टुडिओत ग्रेडल बिल्ड (अ‍ॅप तयार करण्याचं काम) लावला की चारही कोअर गच्च भरतात आणि मागे एम्युलेटर (पडद्यावरचा नकली फोन) चालू असेल तर माऊससुद्धा अडखळतो.

१२३५यू मध्ये २ मोठे आणि ८ छोटे कोअर आहेत, एकूण १२ थ्रेड. कंपाइल करताना हे छोटे कोअरही कामाला येतात.

इंटेलकडेही हीच फसगत आहे, बरं का. 'आय३-एन३०५' मध्ये ८ कोअर लिहिलेले असतात, पण आठही छोटे, आणि रॅम एकाच चॅनलवर (ये-जा करायच्या एकाच वाटेवर). 'कोअर ५ १२०यू' हे २०२४ चं नाव, आतला माल आधीच्याच पिढीचा. तो वाईट नाही, पण त्याला 'कोअर अल्ट्रा ५' समजून जास्त पैसे मोजू नका.

सोल्डरकाका

वरच्यांनी प्रोसेसरचं सांगितलं, मी रॅमवर येतो, कारण खरी गोम तिथे आहे.

७५२०यू फक्त एलपीडीडीआर५ घेतो आणि ही रॅम लॅपटॉपात बोर्डावर सोल्डर केलेलीच येते. म्हणजे 'अ' आज १६ जीबीचा आणि शेवटपर्यंत १६ जीबीचाच. शिवाय वॉरंटी संपल्यावर एक चिप गेली, तर रॅम नाही, अख्खा मदरबोर्ड बदलावा लागतो.

'ब' आहे तसा घेतलात तर मात्र तो 'अ' पेक्षा वाईट चालेल. हे दुकानात कोणी सांगत नाही. ८ जीबीतला काही भाग ग्राफिक्ससाठी आधीच बाजूला जातो. डॉकर विंडोजवर डब्ल्यूएसएल २ वर (विंडोजच्या आतल्या लिनक्सवर) चालतो आणि त्याची मूळ सेटिंग एकूण रॅमच्या निम्म्यापर्यंत हात घालते. म्हणजे ४ जीबी तिकडे. उरलेल्यात विंडोज, क्रोम आणि स्टुडिओ. डिस्कवर स्वॅप (रॅममधलं सामान डिस्कवर हलवणं) सुरू होतो आणि आय५ नुसता वाट बघत बसतो. म्हणून 'ब' घ्यायचा तर रिकाम्या स्लॉटात ८ जीबी टाकूनच घ्यायचा, आणि किंमत धरताना त्या रॅमचे पैसे आजच 'ब' च्या नावावर लिहायचे.

स्लॉटात रॅमची काडी घातल्यावर आणखी एक गोष्ट होते. १२३५यू मधलं आयरिस एक्सई ग्राफिक्स दोन चॅनल मिळाल्याशिवाय पूर्ण ताकदीने चालत नाही. एकाच चॅनलवर विंडोज त्याचं नाव नुसतं 'यूएचडी ग्राफिक्स' दाखवतं. रॅम नीट बसली की नाव बदलतं. पैसे वसूल झाल्याची ही फुकटातली पावती.

८ ऐवजी १६ जीबीची काडी घातली तरी चालते. तेव्हा ८ अधिक ८ दोन चॅनलवर आणि वरचे ८ एका चॅनलवर चालतात. एकूण २४. डॉकरला तेच बरं.

दुकानात तपासायला टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरी. 'फॉर्म फॅक्टर' समोर 'रो ऑफ चिप्स' दिसलं तर ती सोल्डर केलेली. 'स्लॉट्स यूज्ड १ ऑफ २' दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. काही पातळ मॉडेलांत ही ओळ खोटी निघते आणि आत स्लॉटच नसतो. खात्री एकच: मागच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर घालून कंपनीच्या साइटवरचं हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल उघडायचं आणि त्यातलं चित्र बघायचं. एकाच नावाच्या लॅपटॉपचे पाच उपप्रकार असतात, त्यामुळे नुसतं नाव पुरत नाही.

लक्ष्मीरोड_लोडशेडिंग

सगळे रॅम-रॅम करताय, पण मुलगी बसने जाणार आहे हे कोणी वाचलं का? माझं मत 'अ' कडे झुकतं, निदान चार्जिंगपुरतं तरी.

हिशेब करा. ४२ वॉट-अवरची बॅटरी, हलक्या कामात लॅपटॉप ६ ते ८ वॉट खातो, म्हणजे ५ ते ७ तास. बिल्ड चालू असताना २०-२५ वॉट, म्हणजे साधारण दोन तासांत काम तमाम. गुरुवारी महावितरणचं काम निघालं आणि घरची लाइट गेली की टाइप-सीवाला पॉवर बँकेवर चालतो, गोल पिनवाला नाही. पॉवर बँक मात्र ४५ किंवा ६५ वॉट पीडीची (पॉवर डिलिव्हरी, टाइप-सीवरून जास्त वीज देण्याची पद्धत) आणि २० व्होल्ट देणारी हवी. मोबाइलची २२.५ वॉटवाली लावली तर लॅपटॉप ढिम्म हलत नाही. २०,००० एमएएच म्हणजे सुमारे ७४ वॉट-अवर. रूपांतरात काही जाऊन ४२ ची बॅटरी एकदा पूर्ण भरते, थोडं उरतंही.

'ब' ला टाइप-सी पोर्ट असेलच, पण तो नुसता डेटाचा आहे का चार्जिंगचाही, ते बघा. दुकानदाराचाच ६५ वॉटचा टाइप-सी चार्जर लावून बॅटरीवर विजेची खूण येते का पाहायचं. अर्ध्या मिनिटाचं काम.

आणि स्क्रीन! २५० निट्स, ४५ टक्के एनटीएससी (रंग दाखवायची कुवत) म्हणजे लाल रंग विटकरी दिसणार आणि खिडकीशेजारी बसलं की स्वतःचा चेहरा. कोड वाचायला चालेल. दिवसभर बसायला ३०० निट्स आणि १६:१० चा पडदा खूप सुखाचा, कोडच्या चार ओळी जास्त दिसतात. 'अ' चा पडदा काय आहे ते तुम्ही लिहिलंच नाही.

सोल्डरकाका

चार्जिंगचा मुद्दा मान्य. पडद्याचाही अर्धा. पडदा नको वाटला तर घरी साधा २२ इंची मॉनिटर लावता येतो, मंद प्रोसेसरला बाहेरून काही लावता येत नाही.

बिनपंख्याचा

म्हणूनच तिसरा पर्याय बघा: ७५३०यू, १४ इंच, १६ जीबी. सेलमध्ये बजेटात बसतो का पाहा. कोअर सहा आणि वजन 'अ' इतकंच. दोन्ही बाजूंचं भांडण मिटतं.

हिंजवडी_लॉट

५० हजारांत कंपन्यांचे वापरलेले बिझनेस लॅपटॉपही येतात, तेही यादीत धरा. उदाहरणार्थ लॅटिट्यूड ५४२०: ११ व्या पिढीचा आय५, रॅमचे दोन्ही स्लॉट मोकळे करता येणारे, टाइप-सी चार्जिंग, बिजागऱ्या दणकट. पैसेही उरतात. जाडी थोडी जास्त, पण स्कूटरच्या पायरीवर ठेवलेल्या बॅगेत तीच जाडी कामाला येते. स्वस्त पातळ लॅपटॉपात बिजागरीचे स्क्रू प्लॅस्टिकात बसवलेल्या पितळी नटांत जातात. एका कोपऱ्याला धरून झाकण उघडत राहिलं की नट प्लॅस्टिकासकट उपटून येतो. नवीन घ्याल तरी झाकण मधोमध धरूनच उघडायचं, ही सवय पहिल्या दिवसापासून.

वापरलेला घेताना दोन गोष्टी दुकानातच करून घ्या. एक, विंडोज पूर्ण रीसेट करून वाय-फाय लावून सेटअप पहिल्या पायरीपासून चालवा. मध्येच कुठल्यातरी कंपनीचं नाव येऊन ऑफिसचा ईमेल मागितला, तर तो लॅपटॉप अजून त्या कंपनीच्या यादीत आहे. परत ठेवा. दोन, कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजीचा बॅटरी रिपोर्ट काढा. त्यात 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' हे दोन आकडे असतात. ६३,००० वर ४०,००० दिसलं तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कापून मागा. बायोसला (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या प्रोग्रॅमला) पासवर्ड आहे का तेही बघा, तो नंतर निघता निघत नाही.

शनवारवाडीकर

सगळ्यांचे आभार. वापरलेला घरी पटणार नाही, आईचं म्हणणं "पोरीला जुनं देऊ नका". ७५३०यू बघितला, पण दुकानात १६ जीबीचा संपलाय. 'ब' घेऊन ८ जीबी टाकावी असं मनात आहे. दुकानदार म्हणतो तोच बसवून देईल. बसवून घेऊ की घरी?

सोल्डरकाका

दुकानातच बसवा, पण समोर उभं राहून. आधी मॅन्युअलमध्ये रॅम 'ग्राहक बदलू शकतो' अशा भागांत आहे का पाहा आणि बिलावर रॅम वेगळी लिहून घ्या. डीडीआर४, ३२००, १.२ व्होल्ट, लॅपटॉपची लहान काडी. १२३५यू डीडीआर५ बरोबरही चालतो, म्हणून मॉडेल नंबर पडताळा. दोन्हींच्या खाचा वेगळ्या जागी असतात, एकीत दुसरी बसत नाही, आणि जोर लावणारे लोक आहेत.

बसवताना विंडोज 'शिफ्ट' दाबून शटडाउन करायला सांगा, नाहीतर फास्ट स्टार्टअपमुळे ते पूर्ण बंद होत नाही. चार्जर काढायचा. खालचे स्क्रू लांब-आखूड असतात, कागदावर त्याच क्रमाने मांडायचे. लांब स्क्रू आखूडच्या जागी गेला की वरचा कीबोर्ड फुगतो. रबरी पायांखालीही एखादा लपलेला असतो. झाकण बिजागरीच्या बाजूने प्लॅस्टिकच्या कार्डाने सोडवायचं, स्क्रू ड्रायव्हरने नाही. त्यानंतर लगेच बॅटरीचा कनेक्टर काढायचा, रॅमला हात त्याच्या नंतर. काडी तिरकी, साधारण ३० अंशांत, सोनेरी पट्टी दिसेनाशी होईपर्यंत आत सरकवायची आणि मग खाली दाबायची. दोन्ही बाजूंच्या क्लिपा 'टक' वाजल्या पाहिजेत.

पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा एक-दोन मिनिटं काळा राहू शकतो. घाबरून बटण दाबून बंद करू नका, रॅमची जुळणी चालू असते. पाच मिनिटांनीही काळाच राहिला तर काडी अर्धवट बसलीय. काढून पुन्हा बसवा.

चालू झाल्यावर टास्क मॅनेजरमध्ये १६ जीबी आणि ग्राफिक्सचं नाव 'आयरिस एक्सई' दिसलं तरच बाकीचे पैसे द्या. आणि बहिणीच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की लिहून वहीत ठेवा. विंडोज ११ अनेकदा न विचारताच डिस्क कुलूपबंद करतं, आणि पुढे बोर्ड बदलला किंवा ही एसएसडी दुसऱ्या लॅपटॉपात लावली की ४८ आकडे मागतं.