मदत हवी आहे: गर्भाची पिशवी काढल्यावर जिना कधी चढता येतो? (नाशिक)

रानजाई: आईचं पिशवीचं ऑपरेशन सोमवारी आहे, नाशिकरोडला. आम्ही सिडकोत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिना कधी चढायचा, स्वयंपाक कधी सुरू करायचा, एवढंच सांगा. उद्या रजेचा अर्ज द्यायचाय. प्लीज लवकर.

सातपूरकर: पोटावर छेद घेऊन, दुर्बिणीतून की खालून? वय? कशासाठी काढतायत?

रानजाई: ४६. गाठी आहेत. कसं करणार ते विचारलं नाही. रजेचं सांगा ना कोणीतरी.

निशिगंध: माझं पोटावरून झालं. दुसऱ्या दिवशी सिस्टरने धरून चालवलं, पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून. जिना सावकाश, कठड्याला धरून चढता येतो. भरलेली बादली, दळणाचा डबा मात्र सहा आठवडे उचलायचा नाही. दुर्बिणीतून झालं की बायका लवकर उठतात आणि लगेच कामाला जुंपतात, पण आतले टाके भरायला वेळ लागतोच. थोडं डागासारखं जातं, घाबरू नका. ताप, घाण वास, भरपूर रक्त किंवा एकाच पायाची पोटरी सुजली तर लगेच दवाखाना गाठा.

देवराईतला: घाई कशाला? अशोकारिष्ट द्या. माझ्या मावशीच्या गाठी विरघळल्या.

गोदाकाठ: मावशींची पाळी तेव्हा थांबली होती का? पाळी गेल्यावर गाठी आपोआप आकसतात. लोकांना असं सांगू नका.

देवराईतला: तुम्हाला सगळीकडे कापाकापीच हवी.

गोदाकाठ: उलट. बीडच्या ऊसतोड बायकांच्या एवढ्या पिशव्या काढल्या गेल्या की २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. म्हणूनच विचारतेय. रानजाई, गोळ्या किंवा हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू बसवून बघितली का? आतल्या अस्तराचा तुकडा तपासला का? आणि ओव्हरी ठेवणार की काढणार? ठेवल्या तर फक्त पाळी थांबते. काढल्या तर काही दिवसांतच अंगातून वाफा निघायला लागतात, पुढे हाडंही ठिसूळ होतात.

मखमलाबाद_नाका: मेडिक्लेम आहे का? बऱ्याच पॉलिसींत या ऑपरेशनला दोन वर्षं थांबावं लागतं. माझा क्लेम असाच नाकारला. एजंट विकताना गोड बोलतात, नंतर फोनच उचलत नाहीत.

सातपूरकर: त्यांनी ते विचारलेलं नाही. ताई, रक्त किती जातं? हिमोग्लोबिन?

रानजाई: तासाला एक पॅड, पाळीचे तीन-चार दिवस. रिपोर्ट आत्ता शोधला. ७.८ आहे.

निशिगंध: अगं, हे आधी सांगायचं! चक्कर येतेय का? धाप लागतेय का? सकाळची वाट न बघता डॉक्टरांना आत्ता फोन लाव.

रानजाई: बोलले. सोमवारी ऑपरेशन नाही. उद्या अ‍ॅडमिट करून लोहाचं सलाईन देणार, रक्त वाढल्यावर तारीख. दुर्बिणीतून करणार, ओव्हरी ठेवणार म्हणाले. अस्तर आधीच तपासलंय, साधं आलं.

सातपूरकर: मग उद्याची फक्त दोन दिवसांची रजा टाका. मोठी रजा ऑपरेशनच्या तारखेसाठी राखून ठेवा.