मदत हवी आहे: वेबसॉकेटवरून प्रिंटरकडे पाठवलेले बाइट वाटेत वाढतात

नमस्कार. नागपुरातील कळमना बाजारातल्या एका अडत्यासाठी मी ब्राउझरमध्ये चालणारे हिशेबपट्टीचे पान तयार करीत आहे. शेतकऱ्याला पट्टी मराठीतच द्यायची, हा त्यांचा आग्रह आहे आणि तो रास्तही आहे. परंतु त्यांच्याकडील ५८ मिलिमीटरच्या थर्मल प्रिंटरमध्ये देवनागरी अक्षरे नाहीत. म्हणून मी मजकूर कॅनव्हासवर रेखाटतो, त्याचे काळेपांढरे ठिपके करतो आणि ते चित्र म्हणून पाठवतो. एका ओळीत ३८४ ठिपके, आठ ठिपक्यांचा एक बाइट, म्हणजे ओळीला ४८ बाइट. चित्रापूर्वी २९, ११८, ४८, ० ही आज्ञा जाते आणि तिच्यामागे रुंदीचे दोन व उंचीचे दोन बाइट.

प्रत्येक बाइटसाठी स्ट्रिंग.फ्रॉमचारकोड (अंकाचे अक्षर करणारे फंक्शन) वापरून मी एक लांब स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, जोडतो आणि ती वेबसॉकेटच्या (ब्राउझर आणि दुसऱ्या प्रोग्राममधील खुल्या जोडणीच्या) सेंडला देतो. त्याच संगणकावर नोडचा (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनाचा) एक छोटा प्रोग्राम चालू असतो. तो आलेला संदेश प्रिंटरच्या ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर लिहितो.

साधा इंग्रजी मजकूर आणि आकडे बिनचूक छापले जातात. चित्र मात्र दोन तऱ्हांनी बिघडते. १२० ओळींचा मथळा छापला, तर नावाखालची तीन ठिपके जाडीची सलग रेघ दुप्पट जाड आणि जाळीदार उमटते, त्यापुढची अक्षरे तिरपी सरकत जातात आणि शेवटी निरर्थक चिन्हांची वीतभर पट्टी बाहेर पडते. १६० ओळींची पूर्ण पट्टी पाठवली, तर प्रिंटर काहीच छापत नाही आणि बंद करून पुन्हा सुरू करेपर्यंत गप्प राहतो. १२० ओळींना ५,७६० अधिक आठ, असे ५,७६८ बाइट जायला हवेत. नोडकडे मोजले तेव्हा ७,१०४ भरले.

पानाच्या मेटा टॅगमधील यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीचा उल्लेख काढून पाहिला, फरक पडला नाही. तीच स्ट्रिंग टेक्स्टएन्कोडरमधून काढून पाठवली, तरी आकडा ७,१०४ च आला. हे जास्तीचे बाइट कोठून येतात? आंबिया बहाराची आवक वाढण्याआधी हे काम हातावेगळे करायचे आहे.

प्रतिसाद १

आपण मोजदाद दिली आहे, त्यामुळे तर्क लढवण्याची गरज उरत नाही. जावास्क्रिप्टमधील स्ट्रिंग ही बाइटांची रांग नसून १६ बिटांच्या सांकेतिक अंकांची रांग असते, आणि वेबसॉकेटला स्ट्रिंग दिली की ती मजकूर समजून यूटीएफ-८ मध्येच पाठवली जाते. २०११ च्या आरएफसी ६४५५ या वेबसॉकेटच्या नियमावलीत तसा नियमच आहे. यूटीएफ-८ मध्ये ० ते १२७ हे अंक एका बाइटात मावतात, १२८ पासून २०४७ पर्यंतच्या अंकांना दोन बाइट लागतात. आपल्या चित्रात १२८ किंवा त्याहून मोठे १,३३६ बाइट असणार, तितकेच वाढले. इंग्रजी मजकूर १२७ च्या आत असल्याने त्याला धक्का लागत नाही.

आपली रेघच पाहा. सलग काळ्या भागाचा बाइट २५५ असतो. त्याचे १९५ आणि १९१ होतात. ओळीचे ४८ चे ९६ झाले म्हणून जाडी दुप्पट, आणि या दोन अंकांच्या बिटांमध्ये मधूनमधून शून्ये आहेत म्हणून जाळी. १६० ओळींचे कोडेही यातच आहे: उंचीचे बाइट १६० आणि ० असायला हवेत, पण १६० चे १९४ आणि १६० झाले, म्हणून प्रिंटरने उंची १६० गुणिले २५६ अधिक १९४, म्हणजे ४१,१५४ ओळी अशी वाचली. तो बिचारा उरलेल्या ओळींची वाट पाहत बसला.

मेटा टॅगचा येथे संबंध नाही, आणि टेक्स्टएन्कोडर तर यूटीएफ-८ च करतो. तो मजकुरासाठी आहे. स्ट्रिंग मुळात करूच नका. युइंट८अ‍ॅरे (० ते २५५ या अंकांची रांग) घ्या, त्यात आज्ञेचे व चित्राचे बाइट अंक म्हणूनच भरा आणि तो अ‍ॅरे तसाच सेंडला द्या. मग संदेश बायनरी म्हणून जातो आणि कोणी त्याचे रूपांतर करीत नाही. बेस६४ (बाइट साध्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत) करूनही काम भागेल, परंतु आकार एक तृतीयांशाने वाढेल आणि पलीकडे उलगडावे लागेल, तो खटाटोप कशाला?

धागाकर्ता

सुचवल्याप्रमाणे बदल केला. नोडकडे आता बरोबर ५,७६८ बाइट येतात, तरीही छपाई खराबच आहे. प्रिंटरकडे जाणारे बाइट नोंदवून पाहिले, तर २३९, १९१, १८९ हे त्रिकूट जागोजागी दिसते.

प्रतिसाद २

हे त्रिकूट म्हणजे वाचता न आलेल्या अक्षराच्या जागी बसवले जाणारे बदली चिन्ह. आपल्या नोडच्या प्रोग्राममध्ये संदेशावर टूस्ट्रिंग (बाइटांचा मजकूर करणारे फंक्शन) लावलेले असणार. पूर्वी येणारे बाइट वैध यूटीएफ-८ होते, म्हणून ते या फेऱ्यातून जसेच्या तसे बाहेर पडत होते. आता कच्चे २५५ आले, ते यूटीएफ-८ मध्ये कधीच वैध नसतात, म्हणून त्यांची जागा या चिन्हाने घेतली. टूस्ट्रिंग काढून आलेला बफर थेट सॉकेटच्या राइटला द्या.

आणखी एक खाचखळगा: पुढे सबअ‍ॅरेने तुकडा काढून पाठवाल, तेव्हा तो तुकडाच द्या, त्याचा .बफर देऊ नका; नाहीतर मागचा अख्खा साठा जातो.

धागाकर्ता

टूस्ट्रिंग खरोखरच होते. सुरुवातीला संदेश पडद्यावर पाहण्यासाठी लिहिले आणि तसेच राहून गेले. ते काढल्यावर १६० ओळींची पट्टी पहिल्याच खेपेला पूर्ण छापली गेली, ‘हमाली’ आणि ‘तोलाई’ या शब्दांच्या काना-मात्रा-वेलांट्यांसकट. दोघांचेही मनःपूर्वक आभार.