दोन सीटच्या गाडीत सबवूफर कुठे बसवावा? सील्ड की पोर्टेड?

प्रश्न:
माझी माझदा एमएक्स-५ आहे, सॉफ्ट टॉपवाली. १० इंची सब (सबवूफर, म्हणजे बेसचा स्पीकर) लावायचा विचार आहे. डिकीत मोठा पोर्टेड (हवेसाठी भोक असलेला) बॉक्स ठेवा असं एकाने सुचवलं, पण डिकी आणि केबिन यांच्यामध्ये बंद पत्रा आहे. सीटच्या मागे जागा नाही आणि वजनही फार वाढवायचं नाही. छत बरेचदा उघडं असतं. काय करू?

उत्तर १:
डिकीत ठेवलात तर नंबरप्लेट आणि डिकीचं झाकणच जास्त वाजेल. सब केबिनमध्येच हवा.

उत्तर २:
वरच्याशी पूर्ण सहमत. मी अशा छोट्या गाड्यांसाठी बॉक्स बनवतो. माझं मत ठाम आहे: सील्ड (पूर्ण बंद) बॉक्स, तोही शेजारच्या सीटसमोर, पाय ठेवायच्या जागेत.

कारण केबिनचा आकार. आतली लांबी साधारण २ मीटर धरली तर ८५ हर्ट्झच्या आसपास अर्धी तरंगलांबी तेवढी होते. त्याखाली बंद केबिनच बेस उचलून धरते, हिशेबाने दर ऑक्टेव्हला (हर्ट्झ निम्मे झाले की एक ऑक्टेव्ह) १२ डेसिबलपर्यंत. सील्ड बॉक्सचा आवाज खाली साधारण त्याच दराने उतरतो. दोन्ही एकमेकांना सावरतात आणि बेस सपाट, घट्ट येतो. पोर्टेडला जागा जास्त लागते, आणि ट्यूनिंगच्या (पोर्ट ज्या हर्ट्झला जुळवलाय त्याच्या) खाली स्पीकरच्या कोनवर हवेचा लगाम राहत नाही, म्हणून सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर अडवणारा) लावावाच लागतो.

छत उघडलं की ही फुकटची मदत जवळजवळ संपते, वर वारा आणि टायरचा आवाज. म्हणून डीएसपीवर (आवाज जुळवणारा प्रोसेसर) दोन प्रीसेट ठेवा, छत बंद आणि छत उघडं.

१० इंचीच हवा असेल तर शॅलो माउंट (कमी खोलीचा) घ्या, नाहीतर ८ इंची. मागची बाजू फ्लोअरच्या आकाराची फायबरग्लासची, पुढची फळी १८ मिमी एमडीएफची. आकार वेडावाकडा असल्याने आतलं माप टेपने निघत नाही. बॉक्समध्ये थर्माकोलच्या गोळ्या भरा आणि त्या मापाच्या डब्यात ओतून लिटर मोजा. त्यातून सबने व्यापलेली जागा वजा करा, मग कंपनीने दिलेल्या आकड्याशी ताडून बघा. वर मजबूत जाळी हवीच, तिथे पाय पडणार. आणि बॉक्स फ्लोअरला बोल्टने आवळा. अपघातात सुटा बॉक्स जीवघेणा ठरतो, यात तडजोड नको.

प्रश्नकर्ता:
मनापासून आभार! माप थोडं कमी पडलं तर? आणि क्रॉसओव्हर (सब आणि बाकी स्पीकर यांच्यातली हर्ट्झची सीमा) किती ठेवू?

उत्तर २:
थोडंच कमी असेल तर पॉलीफिल (पॉलिएस्टरचा कापूस) भरा, सबला बॉक्स जरा मोठा भासतो. फार कमी असेल तर बॉक्स नवा करा, पॉलीफिलने ते झाकलं जात नाही. क्रॉसओव्हर ८० हर्ट्झपासून सुरू करा. मग त्याच ८० हर्ट्झचा टोन लावून सबची पोलॅरिटी (प्लस-मायनस) उलटी-सुलटी करून ऐका. ड्रायव्हरच्या सीटवर ज्यात आवाज भरीव येतो ती ठेवा.




उत्तर ३:
पॉवर वायरचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लावा, अँप्लिफायरजवळ नव्हे. वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रॉमेट (वायर घासू नये म्हणून भोकात बसवायची कडी) हवाच.